माथेरानच्या कड्यावरून मुंबई कधी दिसते आणि कधी दिसत नाही

डिसेंबरातल्या एका सकाळी मी माझ्या भाच्याला घेऊन माथेरानच्या पश्चिम कड्यावर उभा होतो. भाचा शिवडीला राहतो, त्याच्या घराच्या खिडकीतून अटल सेतूचा थोडा भाग दिसतो, आणि तोच सेतू आज डोंगरावरून, म्हणजे उलट्या बाजूने बघायचा असे घोकत तो नेरळपासून चालला होता. कठड्याशी पोचल्यावर मी पश्चिमेकडे बोट दाखवून त्याला "ती बघ मुंबई" म्हटले खरे, पण बोटाच्या पुढे करड्या रंगाच्या एका सपाट पडद्याखेरीज काहीही नव्हते. वर आकाश अगदी निरभ्र, ऊन लख्ख, समोरचा प्रबळगड इतका स्वच्छ की त्याच्या कड्यावरच्या गवताचे पट्टे मोजता यावेत, आणि तरीही ४५ किलोमीटरवरचे दीड कोटीच्या आसपास वस्तीचे शहर संपूर्ण नाहीसे झालेले. "मामा, आपण पुरेसे उंच आलो नाही का?" असे त्याने विचारले. शेजारी लिंबू सरबताची गाडी लावलेल्या बाईंनी माझ्याआधीच उत्तर दिले: "उंचीचं काही नाही बाळा. पाऊस निघून गेला की लगेच या, तेव्हा दिसते."

त्या बाईंचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर नेमके उतरते. ते का, हे नीट कळले तर मुंबई बघायला माथेरानला कधी जावे आणि कोणत्या घटकेला कड्यावर उभे राहावे, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवता येईल. म्हणून हा लेख.

आधी उंचीचा प्रश्न निकालात काढू. पृथ्वी गोल असल्यामुळे आपल्याला फक्त क्षितिजापर्यंतचे दिसते, आणि क्षितिज किती दूर आहे हे आपल्या डोळ्याच्या उंचीवर ठरते. हिशेब सोपा आहे: उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला साधारण ३.६ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते, आणि म्हणूनच बंदरातून दूर निघालेल्या जहाजाचा तळाकडचा भाग आधी बुडाल्यासारखा दिसतो व वरचा भाग मागाहून नाहीसा होतो. मलबार हिलवर, समुद्रसपाटीपासून ५० मीटरांवर गेलो की हेच अंतर २५ किलोमीटर होते. माथेरानचे पठार सुमारे ८०० मीटर उंच आहे, म्हणजे तिथले क्षितिज १०० किलोमीटरांवर जाते, आणि हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकत असल्यामुळे प्रत्यक्षात ते आणखी थोडे दूर सरकते. दक्षिण मुंबई तिथून सरळ रेषेत ४५ किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येण्याचे कारणच नाही. माथेरानवरून मुंबईच्या पलीकडचा समुद्रही निम्म्याहून अधिक अंतर शिल्लक ठेवून दिसायला हवा.

मधले डोंगर मात्र विचारात घ्यावे लागतात. नवी मुंबईच्या मागचा पारसिकचा डोंगर दोन-अडीचशे मीटरांचा आहे आणि आपली नजर त्याच्या डोक्यावरून आरामात जाते. तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची टेकडी तीनशे मीटरांच्या आसपास असून ती शहराच्या अगदी अंगाला लागून असल्यामुळे तिच्या मागची थोडी वस्ती झाकली जाते, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ४५० मीटरांपर्यंत चढणारा डोंगर बोरिवली-कांदिवलीचा बराच भाग गिळतो. खरा अडथळा शेजारच्या प्रबळगडाचा आहे. त्याचे रुंद पठार माथेरानच्या जवळजवळ बरोबरीने उठलेले असल्यामुळे दक्षिणेकडच्या काही पॉइंटांवरून ते नेमके बंदराच्या दिशेला आड येते. म्हणून मुंबई बघायची असेल तर प्रबळगड डाव्या हाताला राहील असा, पश्चिमेच्या कड्यावरचा उत्तरेकडचा पॉइंट निवडावा. हार्ट पॉइंटला मुंबईचे दिवे बघायला जाण्याची जुनी रीत यातूनच पडलेली असणार.

उंची पुरेशी आहे, दिशा मोकळी आहे, तरी शहर दिसत नाही. उरते ती मधली हवा.

जुन्या कौलारू घरात दुपारी छपराच्या फटीतून कवडसा पडतो, तेव्हा त्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. कण सगळ्या खोलीभर असतात, पण जिथे ऊन पडते तिथेच ते उजळतात आणि डोळ्यांना दिसतात. आता तो कवडसा ४५ किलोमीटर लांब आहे अशी कल्पना करावी. माथेरानचा कडा आणि मुंबई यांच्यामध्ये दिवसा नेमके हेच असते. हवेतला प्रत्येक कण सूर्याचा थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतो, आणि अशा कोट्यवधी कणांचा मिळून एक उजळ पडदा तयार होतो. त्याच वेळी मुंबईतल्या इमारतींवरून आपल्याकडे निघालेला प्रकाश वाटेत त्याच कणांवर आदळून इकडेतिकडे फेकला जातो. शास्त्रात याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. परिणाम असा की गडद वस्तू उजळत जाते, उजळ वस्तू फिकी होत जाते, आणि शेवटी वस्तू आणि तिच्यामागचे आकाश यांत फरकच उरत नाही. कोणतीही वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या उठावामुळे. उठाव संपला की वस्तू तिथे असूनही डोळ्यांच्या लेखी ती नसते.

हा उठाव कसा कमी होतो, ते समजणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण इथे आपला रोजचा अंदाज चुकतो. हवा दुप्पट मळली तर शहर निम्मे अंधूक दिसेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उठाव ठरावीक अंतरानंतर पुन्हापुन्हा निम्मा होत जातो. समजा, आज दर १० किलोमीटरला तो निम्मा होतो आहे. तर ४५ किलोमीटरांनंतर मूळच्या शंभर भागांपैकी साधारण चार भाग उरतात. हवा दुप्पट मळली आणि दर ५ किलोमीटरला तो निम्मा होऊ लागला, तर तेवढ्याच अंतरानंतर शंभरातला एक-पंचमांश भागही धड उरत नाही. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये या गोष्टीचे गणित मांडले आणि डोळ्यांची मर्यादा म्हणून शेकडा २ हा आकडा धरला. त्याखाली उठाव गेला की माणसाला वस्तू ओळखता येत नाही असे मानतात. आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी मुंबई फिकी का होईना दिसते आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण पुसली जाते. कणविरहित, अगदी शुद्ध हवेत दृश्यमानता, म्हणजे वस्तू ओळखता येण्याचे कमाल अंतर, ३०० किलोमीटरांच्या जवळ पोचते, कारण तेव्हा प्रकाश विखुरणारे फक्त हवेचे रेणू असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, आणि म्हणून स्वच्छ दिवशी दूरचे डोंगर निळे दिसतात. दूरचा डोंगर निळा दिसला तर हवा चांगली आहे आणि पांढुरका-करडा दिसला तर हवेत कण भरले आहेत, अशी खूण बांधून ठेवायला हरकत नाही.

पण हे कण कोणते? सगळी धूळ सारखी त्रासदायक नसते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नजर सर्वांत जास्त अडवणारे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात, कारण त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास येतो. बांधकामावरची जाड धूळ त्या मानाने लवकर खाली बसते. वाहनांचा आणि चुलींचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, कोळसा व जहाजांचे जड इंधन जळल्यावर निघणाऱ्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण, आणि लाटांच्या तुषारांतून उडालेले समुद्राचे मीठ, ही या बारीक कणांची मुख्य घराणी आहेत. त्यांतले मीठ आणि सल्फेट पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच हवेतल्या मिठाच्या कणाला सुटते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तो कण विरघळून छोटा थेंब होतो, फुगतो आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश अडवतो. मुंबई समुद्रात बसलेली असल्यामुळे तिथे हे रोज घडते. दिल्लीत आणि मुंबईत कणांचे वजन समान असले, तरी दमट हवेतली नजर आधी थांबते.

आता डिसेंबरातली ती सकाळ. दिवसा जमीन तापते, जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर स्वतःबरोबर वर नेऊन पातळ करते. सामान्यतः दर किलोमीटरला हवा साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणूनच नेरळपेक्षा माथेरान पाचेक अंशांनी थंड असते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वरच्या हलक्या हवेतून वर जाऊ शकत नाही, जणू पातेल्यावर झाकण बसते, आणि रात्रभरचा सगळा धूर झाकणाखाली साठत जातो. त्यातच रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे तो धूर बंदरावर आणि समुद्रावर ढकलतात, आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले की त्यातला बराचसा धूर परत शहरावर येतो. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटतात आणि क्षीण असतात, त्यामुळे ही येरझार दिवसचे दिवस चालू राहते.

माथेरानवर आपण बहुतेक वेळा त्या झाकणाच्या वर उभे असतो. म्हणून डोक्यावर निळे आकाश असते, शेजारचा प्रबळगड, उत्तरेचे चंदेरी आणि मलंगगड स्वच्छ दिसतात, आणि खाली पनवेलपासून पुढे सगळे बुडालेले. त्या दिवशी मी भाच्याला धुरक्याची वरची कडा दाखवली. ती पट्टी लावून आखल्यासारखी सरळ होती. खाली तपकिरी-करडी, वर एकदम निळी, आणि मधोमध बोटभर जाडीची फिकट पिवळसर रेघ. ती रेघ म्हणजेच झाकण. कर्नाळ्याचा सुळका त्यातून वर निघालेला होता आणि त्याच्या पायथ्याचे सगळे नाहीसे झाले होते. दूरचा पडदा आपल्या डोळ्यांचा दोष किंवा नुसते थंडीतले धुके आहे अशी अनेकांची समजूत असते, आणि ती मला फार खटकते. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली तर त्याला धुके म्हणतात. इथे समोरची दहा-पंधरा किलोमीटर उघडी असतात. जे दिसते ते धुरके आहे, आणि त्याखाली आपलीच माणसे श्वास घेत असतात.

पावसाळ्यात कारण वेगळे. जुलैत मुंबईचे तापमान २८ अंश आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, २५ अंश असतो असे धरू. वर जाणारी हवा थंड होत होत दवबिंदूला टेकते तिथे ढगाचा तळ बनतो, आणि तो किती उंचीवर असेल हे काढण्याची सोपी रीत म्हणजे या दोन आकड्यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला १२५ मीटर. तीन अंशांचे झाले ३७५ मीटर. माथेरान ८०० मीटरांवर आहे, म्हणजे ते सरळ ढगाच्या पोटात. जुलैत कड्यावर जे पांढरे अंगावर येते ते खालून बघणाऱ्याला ढग म्हणूनच दिसत असते. पण ढगांत खंड पडला आणि अर्धा तास उघडीप मिळाली, तर वर्षातले सर्वांत स्वच्छ दृश्य तेव्हाच दिसते, कारण पावसाने हवा धुऊन काढलेली असते. अशा उघडिपीच्या भरवशावर मुंबईहून निघणे मात्र व्यवहार्य नाही.

मार्च ते मे या काळात वारे जोरदार असतात आणि झाकण फारसे टिकत नाही, तरी कोरडी धूळ आणि समुद्राचा दमटपणा मिळून क्षितिज पांढुरके राहते.

उरतो तो सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तिच्या आगेमागे दुपारच्या वळवासारख्या सरी पडून जातात, ढगांचा तळ माथेरानच्या वर सरकलेला असतो, आणि हिवाळी झाकण अजून बसायचे असते. सरबतवाल्या बाईंचे "पाऊस निघून गेला की लगेच" ते हेच. त्यातल्या "लगेच"ला खरे वजन आहे, कारण महिनाभराने तोच कडा पुन्हा पडद्यामागे जातो.

दिवस ठरला, तरी घटका ठरवायची राहते. समोर सूर्य असताना गाडीची धुळकट काच अपारदर्शक वाटते आणि गाडी वळवून सूर्य पाठीशी घेतला की तीच काच स्वच्छ वाटते, हा अनुभव सगळ्यांना आहे. बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, त्यामुळे सूर्याकडे बघताना पडदा सर्वांत जास्त उजळतो. मुंबई माथेरानच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि इमारतींच्या आपल्याकडच्या बाजू उजळलेल्या असतात, म्हणून धुतलेल्या हवेत सकाळी आठ ते दहाची वेळ उत्तम. दुपारी चार ते सूर्यास्त ही वेळ मात्र मुंबई बघण्यासाठी सर्वांत वाईट, आणि नेमकी याच वेळी सर्वांत जास्त गर्दी असते. गर्दी सूर्य बुडताच उठते, हे त्याहून मोठे नुकसान. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर मधल्या हवेवरचे थेट ऊन जाते, पडदा विझतो, पण मागचे आकाश अजून केशरी उजळ असते, आणि इतका वेळ न दिसणाऱ्या इमारती त्या उजेडावर काळ्या कापून काढल्यासारख्या उभ्या राहतात. पुढे अंधार पडला की दिवे दिसू लागतात. पडदा उजळवायला ऊनच नसते, म्हणून दिवसा ज्या हवेतून शहर दिसत नाही, त्याच हवेतून रात्री त्याचे दिवे दिसू शकतात.

किती मोठे दिसेल, याचाही अंदाज घेऊन जावे. हात ताठ करून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची मुंबई तिथून चार ते पाच मुठींत मावते. वरळी-लोअर परळकडची २०० मीटर उंचीची इमारत ४५ किलोमीटरांवरून पाव अंशाची दिसते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या उंचीची. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखता येतो, तेव्हा ही इमारत चष्मा-दुर्बिणीशिवाय सहज दिसली पाहिजे. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात ती पंधराएक ठिपक्यांत संपते, म्हणून फोटोत "काहीच आले नाही" याचे वाईट वाटून घेऊ नये. दुर्बीण असल्यास न्यावी, पण सूर्य पूर्ण बुडेपर्यंत ती पश्चिमेकडे लावू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

जाण्याची तयारी थोडक्यात. मध्य रेल्वेच्या कर्जत लोकलने नेरळ, तिथून दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी, पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे पायी किंवा घोड्यावर. १९०७ मध्ये सुरू झालेली मिनी ट्रेन पावसाळ्यात नेरळपासून बंद असते, तिचे वेळापत्रक आधी बघून घ्यावे. सूर्यास्तानंतर थांबायचे तर मुक्काम करावा, विजेरी जवळ ठेवावी आणि जांभ्याच्या ओल्या कडेपासून दूर राहावे. लाल माती कोरडी दिसली तरी पायाखालून सरकते.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही परत गेलो. २३ सप्टेंबरच्या आसपास माथेरानवरून सूर्य बरोबर पश्चिमेला, म्हणजे साधारण वरळी-दादरच्या दिशेला मावळतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डावीकडे सरकत दक्षिण मुंबईवर येतो. डिसेंबरात तो थेट अडीच मुठी डावीकडे गेलेला असतो. दुपारी एक सर पडून गेली होती. सूर्य बुडाला, माणसे उठली, आणि दहा मिनिटांत त्या केशरी पट्टीवर आधी ट्रॉम्बेचा उंचवटा, मग त्याच्या डावीकडे बारीक दातऱ्यांसारखी इमारतींची रांग उमटली. तिच्या अलीकडे खाडीचे पाणी कथलासारखे फिके चमकत होते. अंधार झाल्यावर डावीकडे चिर्ल्याच्या बाजूने दिव्यांची एक सरळ, न तुटणारी ओळ पाण्यावर निघाली आणि उजवीकडे शहराच्या दिव्यांत मिसळली. भाच्याने हात ताठ करून मूठ धरली, मग दुसरी धरली, आणि अटल सेतू दीड मूठ भरतो असे जाहीर केले. त्याचे उजवे टोक जिथे संपते ती शिवडी, असे मी म्हणालो. "म्हणजे माझी खिडकी त्या टोकाच्या थोडी अलीकडे," असे म्हणून तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.